जास्तीचा एक

शिकणाऱ्यांचा अर्ज आईने आदल्या दिवशीच भरून ठेवला होता. मास्तरांच्या हाती तो लागला शनिवारी सकाळी नऊ वाजता, सगळे दारात बसून बूट घालत असताना, आणि तिथेच ठिणगी पडली.

"हे काय लिहिलंयस?" त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "पूर्वानुभव, काही नाही. त्याच्या खाली, काही नाही. पुन्हा काही नाही. मास्तरांच्या घरातली माणसं नवशिकी?"

"मग काय लिहू?" आई नाडी ओढत म्हणाली. "पन्नास वर्षं संसार, असं?"

"अख्ख्या वस्तीला पळायला शिकवलं मी."

"वस्तीला शिकवलंस," आत्या म्हणाली. "मला कुठे शिकवलंस? मला तर तू मैदानाच्या कडेला लिंबू कापायला बसवायचास."

आत्या ही मास्तरांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, चाळीस वर्षं शिवणयंत्रावर घालवलेली, आणि भावाला त्याची जागा दाखवून द्यायची संधी आजवर एकदाही न सोडलेली. रात्री जेवताना ती मास्तरांच्या बाजूने होती, 'धाकटीला या वयात परीक्षा हव्यात कशाला' म्हणत होती. सकाळी उठली ती आईच्या पक्षात जाऊन. घरातल्या कुठल्याही भांडणात आत्या कोणाकडे आहे हे पाहायचं तर त्या दिवसापुरतंच पाहावं लागे.

मास्तर कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. कापड रंगवायच्या कारखान्यात ते बॉयलरवर होते, आणि पाळी संपली की कारखान्यामागच्या राखेच्या मैदानावर वस्तीतल्या पोरापोरींना पळवायचे. कागद नाही, शिक्का नाही, गळ्यात फक्त शिट्टी. त्यांच्या हाताखालून गेलेले लोक आज कुठे कुठे आहेत हे ते झोपेतही सांगू शकत. म्हणूनच बेकरीत भट्टीवर काम करणारी त्यांची धाकटी मुलगी चाळिसाव्या वर्षी उठून कम्युनिटी कॉलेजात शारीरिक शिक्षण आणि क्रीडा प्रशिक्षणाच्या पदविकेला जाऊन बसली, तेव्हा ते "कागदाने कोणी मास्तर होतं का?" एवढं बोलले आणि आठवडाभर गप्प राहिले. त्यांना वाटलं होतं, सुटेल. सुटलं नाही. पहाटे चारला पीठ, दुपारी वर्ग, संध्याकाळी इस्त्री करता करता हाडांची नावं. दोन वर्षं भिंतीपलीकडून ती नावं ऐकून ऐकून मास्तरांनाही पाठ झाली होती, पण ते त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं.

आज शेवटचं प्रात्यक्षिक. कॉलेजचा नियम असा, की परीक्षा देणाऱ्याने आपला वर्ग आपणच आणायचा. निदान चार माणसं, निरनिराळ्या वयांची, खेळाडू नसलेली. धाकटीने बेकरीतल्या मैत्रिणी ठरवल्या होत्या. गुरुवारी बेकरीला मोठी मागणी आली आणि सगळ्या अडकल्या. मग आई म्हणाली मी येते, आत्या म्हणाली मी काय मेले आहे का, नात तर तयारच होती. चौथं माणूस मिळेना. शुक्रवारी थोरल्याचा फोन आला.

"मी येतो," एवढंच तो म्हणाला.

थोरला, म्हणजे मास्तरांचा मुलगा आणि नातीचा बाप, नळजोडणीची कामं करायचा. अठ्ठावीस वर्षांत तो वडलांसोबत कुठल्या मैदानावर उभा राहिला नव्हता. घरी यायचा, गळके नळ बघायचा, चहा प्यायचा, हवेबद्दल बोलायचा. दोघांमध्ये भांडण असं कधी झालंच नाही, त्यामुळे ते मिटवायलाही कोणाला जाता आलं नाही.

सकाळी आल्या आल्या अर्जात त्याने आपली ओळ स्वतः भरली होती. जुनी दुखापत या रकान्यात लिहिलं होतं, उजवा गुडघा. मास्तरांनी ती ओळ वाचली, अर्जाची घडी केली आणि तो आईच्या पिशवीत परत टाकला. त्यांची स्वतःची ओळ त्यात नव्हती. त्यांना परवानगी होती ती भिंतीकडच्या बाकावर बसायची, आणि धाकटीने त्यांच्याकडून शब्द घेतला होता, की तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

कॉलेजची व्यायामशाळा उंच खिडक्यांची होती. लाकडी जमिनीवर लाल, निळ्या, पिवळ्या रेघा, कोपऱ्यात उभी करून ठेवलेली टेबल टेनिसची टेबलं, रबरी गाद्यांचा वास. मास्तरांनी आत शिरताच टाच आपटून पाहिली. जमीन किंचित दबली आणि परत वर आली. यावर गुडघे वाचतात, असं त्यांच्या मनात आलं. ते बाकावर जाऊन बसले.

परीक्षक बाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, हातात कागद लावलेली पाटी. त्यांनी नियम सांगितले आणि शेवटचा दोनदा सांगितला. "शिट्टी झाली की वर्ग थांबला पाहिजे. जिथे असेल तिथे. शिट्टीनंतर कोणी हललं, तर वर्ग तुमच्या ताब्यात नाही असं मी समजते. एकदा झालं तर नोंद. दोनदा झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा."

"हो," धाकटी म्हणाली.

तिने खुर्च्या गोलात मांडल्या. मास्तर पाहत होते. त्यांना वाटलं होतं ती घाबरेल, कागदात बघेल. तिने कागद काढलाच नाही. मान, खांदे, घोटे. आत्याला हात वर नेता येईना, तर तिने सगळ्यांनाच हात छातीपर्यंत आणायला लावले, म्हणजे आत्या एकटी मागे पडायला नको. नात उगाच जोर दाखवत होती, तिला शेजारच्या आजीशी वेग जुळवायचं काम दिलं. मास्तर असते तर नातीला पुढे काढून सगळ्यांना दाखवलं असतं. त्यांच्या लक्षात आलं की धाकटी कोणाकडेच फार वेळ बघत नाही आणि कोणीच तिच्या नजरेतून सुटत नाही. हे तिला कुणी शिकवलं? त्यांनी तर नव्हतं शिकवलं. त्यांनी तिला आठव्या वर्षापासून हातात घड्याळ देऊन मैदानाच्या कडेला उभं केलं होतं, वेळ सांगायला. स्वतः पळायला तिने मागितलं होतं का, हेही त्यांना आठवेना.

मग खुर्चीतून उठणं आणि बसणं. दहा वेळा.

धाकटी मोजत होती. सगळे उठत होते, बसत होते, खुर्च्या कुरकुरत होत्या. नऊ. दहा. तिने शिट्टी वाजवली.

आणि आई, आत्या, थोरला आणि नात, चौघंही एका लयीत आणखी एकदा उठले आणि बसले.

बसल्यावर चौघांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आत्याने तर मांडीवर हात ठेवून लांब श्वास सोडला.

यात कोणाचीच खोडी नव्हती. ही या घराची सवय होती. दहा शरीराचे, अकरावा आपला, असं मास्तर मैदानावर सांगायचे, आणि ते मैदानावरून घरात कधी आलं हे कोणालाच आठवत नव्हतं. आई कपडे पिळायची तर शेवटी एक जास्तीचा पीळ. आत्या पाणी प्यायची तर जास्तीचा एक घोट. नातीला पाढे शिकवले ते अकरापर्यंत. घरातल्या एकालाही आपण हे करतो याचा पत्ता नव्हता, आणि बाहेरच्या माणसांसमोर ते उघडं पडायची वेळही आजवर आली नव्हती.

परीक्षक बाईंचं पेन चाललं. "शिट्टीनंतर हालचाल," त्या म्हणाल्या. "चौघांची. ही एक नोंद झाली."

मास्तर एक शब्द बोलले नव्हते. शब्द पाळून मूग गिळून बसले होते, आणि तरी तिथे जे झालं ते त्यांचंच होतं, त्यांच्याच आवाजातलं, चार माणसांच्या पायांतून निघालेलं. त्यांना ठाऊक होतं, पुढच्या वेळी शिट्टीबरोबर आपण नुसतं 'बस' म्हणून ओरडलो तर चौघंही जागच्या जागी थिजतील. जीभ दातांपर्यंत आली होती. पण मग वर्ग त्यांचा झाला असता. बाईंनी ते लिहिलं असतं, आणि दोन वर्षांची पहाट पाण्यात गेली असती. त्यांनी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली.

धाकटी गोलात उभी होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बावीस मिनिटं उरली होती.

"पाणी प्या सगळे," ती म्हणाली. मग तिने शांतपणे विचारलं, "अकरावा कोणी करायला सांगितला?"

"कोणी नाही," नात म्हणाली. "आपोआप झाला."

"मला तर तो केल्यावरच बरं वाटलं गं," आत्या म्हणाली. "दहावर बसले असते तर दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटलं असतं."

"माझं चुकलंच," आई पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते. "तुझी परीक्षा, आणि मी..."

"आई, चुकलं कोणाचंच नाही. करताना तू कुठे बघत होतीस?"

आईने बाकाकडे पाहिलं. मग आत्याने पाहिलं, मग नातीने. थोरला तेवढा जमिनीवरच्या निळ्या रेघेकडे बघत राहिला.

धाकटी चालत बाकापाशी आली.

"बाबा, आत या."

"मी काही बोललो नाही," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले.

"माहीत आहे. तुम्ही नुसते बसलात तरी आम्ही अकरावा करतो. तुम्ही आत येऊन बसा. मग बघायला फक्त मी उरते."

"मी? वर्गात?"

"वर्गात. शिकायला."

मास्तरांनी परीक्षक बाईंकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. "माणूस वाढवायची मुभा आहे. तब्येतीचे प्रश्न आत्ता विचारा, अर्ज नंतर भरा."

"सकाळची गोळी घेतली?" धाकटीने विचारलं.

"घेतली."

"छातीत धडधड, चक्कर?"

"नाही गं."

"कुठे दुखतंय?"

आता या प्रश्नाला मास्तर काय सांगणार? "नाही," ते म्हणाले.

नातीने पाचवी खुर्ची आणली. गोलात जागा एकाच ठिकाणी होती, थोरल्याच्या डाव्या हाताला. मास्तर तिथे बसले. मुलाचा खांदा त्यांच्या खांद्याला लागला, आणि दोघांपैकी कोणीही तो बाजूला घेतला नाही.

"हे आज नवीन आलेत," धाकटी वर्गाला म्हणाली. "यांना काही येत नाही असं समजा."

"ते मी कधीपासून समजते," आत्या म्हणाली. परीक्षक बाईंनी कागद तोंडासमोर धरला.

"मी शिट्टी कधी वाजवीन हे सांगणार नाही. आकडा विसरा. कान माझ्याकडे ठेवा. शिट्टी झाली की बसायचं. अर्धवट उठला असाल तरी बसायचं. अर्धवट सोडलं म्हणून इथे कोणी रागावणार नाही." एवढं बोलून तिने वडलांकडे सरळ पाहिलं. "चला. एक."

मास्तर उठले. चौऱ्याहत्तर वर्षांचे असले तरी पाठ ताठ होती. दोन. तीन. त्यांना वाटलं, हे तर काहीच नाही. चौथ्याला मांड्या बोलायला लागल्या. पाचव्याला त्यांना शेजारच्याचा श्वास ऐकू आला. तो श्वास ते ओळखत होते. राखेच्या मैदानावर, वळणावरून येताना, थोरला असाच तोंडाने श्वास ओढायचा. सहा. सात.

मास्तर खुर्ची सोडून अर्धे वर आले होते, तेव्हा शिट्टी वाजली.

अंग म्हणत होतं पूर्ण कर. आयुष्यभर त्यांनी एकही गोष्ट अर्धवट सोडली नव्हती आणि कोणाला सोडू दिली नव्हती. सगळे त्यांच्याकडेच बघत असणार हे त्यांना न बघता कळत होतं. गुडघे वाकलेले, हात हवेत, आणि समोर त्यांची मुलगी, ओठात शिट्टी धरून उभी, चेहऱ्यावर विनंती नाही की भीती नाही. ती फक्त वाट बघत होती.

मास्तर खाली बसले.

त्यांच्या मागोमाग एक, दोन, तीन, चार खुर्च्या कुरकुरल्या आणि गप्प झाल्या. त्यानंतर कोणी हललं नाही. खिडकीवरचं कबुतर तेवढं हललं.

"सातच?" आत्या कुजबुजली.

"सातच," धाकटी म्हणाली, आणि येऊन थोरल्यापुढे गुडघ्यांवर बसली. "दादा, सहाव्याला पाय थरथरला तुझा."

"थोडासा."

"थकलाय की दुखतोय?"

मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत होते. इतक्या पोरापोरींना त्यांनी पळवलं, हा प्रश्न एकालाही विचारला नव्हता. विचारावा लागतो हे त्यांना सुचलंच नव्हतं.

"दुखतोय," थोरला म्हणाला.

"बरं केलंस सांगितलंस." तिने एक रबरी गादी दुमडून त्याच्या खुर्चीवर ठेवली, बैठक वीतभर उंच झाली. "आता इथून उठून बघ. हातांचा आधार घे. गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ देऊ नकोस."

तो उठला. बसला. पुन्हा उठला, आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं.

"लागत नाही," तो म्हणाला.

"लागायला नकोच आहे," धाकटी म्हणाली आणि पुढच्या व्यायामाला लागली.

उरलेल्या वेळात शिट्टी आणखी चार वेळा झाली. एकदा चेंडू आत्याच्या हातातून सुटायच्या बेतात होता, तर तिने तो शिट्टी ऐकताच पोटाशी धरून ठेवला आणि बाईंनी मान हलवेपर्यंत सोडला नाही. अकरावा कोणी केला नाही. मास्तर पाचही जणांत सगळ्यात आधी थांबत होते, आणि त्याचा त्यांना हळूहळू अभिमान वाटायला लागला होता, कारण जात्याच स्वभाव तसा. पण त्याहून मोठा अभिमान निराळाच होता, आणि तो छातीत मावेना. ही आपली पोर आहे. मोजता मोजता हिला गुडघा दिसतो.

वेळ संपली. परीक्षक बाई पाटी घेऊन पुढे आल्या. "एक विचारते. तुमच्या आराखड्यात दहा होते. सातव्यालाच शिट्टी का?"

"सातवा कोणाला तरी जड जात होता."

"पाय थरथरल्याचं मला इथून दिसलं नाही. तुम्हाला कसं दिसलं?"

"लहानपणी आमच्या मैदानावर मी कडेला उभी असायची," धाकटी म्हणाली. "सगळ्यांचे पाय दिसायचे. पण माझ्या हातात घड्याळ होतं, शिट्टी नव्हती."

बाईंनी ते लिहून घेतलं की नाही कोण जाणे, पण बराच वेळ लिहीत होत्या. "निकाल सोमवारी लागेल," त्या शेवटी म्हणाल्या. "पुढच्या वर्षीचा अर्ज मात्र घेऊन जाऊ नका. कागद वाया जाईल."

ते कळायला आईला क्षणभर वेळ लागला. मग तिने लेकीला धरलं आणि सोडलंच नाही. आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, पोरीला शिकू द्या. तिला खोटं पाडायला आज कोणाची जीभ वळली नाही.

खुर्च्या परत ठेवायच्या होत्या. थोरला एकावर एक रचत होता, मास्तर त्याला आणून देत होते.

"तिला तुझा गुडघा दिसला," मास्तर म्हणाले.

"हो."

"मलाही दिसला होता." ते खुर्ची हातात धरून उभे राहिले. "त्या दिवशी. निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी. तू वळणावरून आलास तेव्हाच दिसला. दिसत असून मी म्हटलं, आणखी एक फेरी."

थोरल्याचे हात थांबले.

"माहीत आहे, बाबा," तो म्हणाला. "मी तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही माझ्या पायाकडे बघत होतात."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

"माझं चुकलं रे," मास्तर म्हणाले. एवढे तीन शब्द त्यांनी घरात कधी कोणापुढे उच्चारले नव्हते.

थोरल्याने वडलांच्या हातातली खुर्ची घेतली, रचली, आणि त्यांच्या दंडाला धरून म्हणाला, "चला. अर्ज भरायचा राहिलाय तुमचा."

अर्ज टेबलावर होता. सगळे भोवती जमले. मास्तरांनी पेन घेतलं. वय, चौऱ्याहत्तर. आजार, रक्तदाब. मग पेन पूर्वानुभवाच्या रकान्यावर आलं आणि थांबलं.

"लिहा ना," आई म्हणाली. तिच्या आवाजात सकाळची खोच होती, पण गोड झालेली. "पन्नास वर्षं, अख्खी वस्ती. रकाना पुरायचा नाही, मागच्या पानावर जा."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी ठळक, गोल अक्षरात लिहिलं, 'काही नाही.' क्षणभर विचार करून पुढे लिहिलं, 'आज पहिला वर्ग.' अर्ज उचलून त्यांनी तो मुलीसमोर धरला.

"बघ, बरोबर भरलाय का."

एकच ओळ वाचायची होती, पण धाकटीला वेळ लागला. तिने बाहीने डोळे पुसले, अर्ज परीक्षक बाईंच्या पाटीखाली सरकवला आणि मग वडलांकडे वळली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पण मांड्या कच्च्या आहेत तुमच्या. बुधवारपासून आपल्या अंगणात सुरू करू, सकाळी सातला. उशीर चालणार नाही."

"बरं, मास्तर," ते म्हणाले.